धुराचा हिशेब कुणाला द्यायचा?

(देवरूख येथे महिला मंडळांच्या व कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव 'उद्योगांचं पर्यावरणविषयक प्रकटीकरण' असं छापलं आहे. प्रकटीकरण म्हटलं की गाभाऱ्यातून देव प्रकट होणार असं वाटतं. तसं काही होणार नाही. कारखाना हवेत काय सोडतो, किती सोडतो, हे त्याने उघडपणे सांगणं, एवढाच त्याचा अर्थ. पण कुणाला सांगणं? आज मला मुख्यतः या एकाच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

सकाळी चहाच्या वेळी एकीने विचारलं, देवरूखात कुठे आहेत धुरांडी? खरं आहे. संगमेश्वर तालुक्यात मोठी रासायनिक वसाहत नाही. पण इथे खेडच्या बाया आहेत, त्यांच्याकडे लोटे परशुराम आहे. गुहागरच्या आहेत, त्यांनी एन्रॉन पाहिलं. रत्नागिरीच्या बायांना जयगडचं औष्णिक वीज केंद्र माहीत आहे. राजापूरच्या बाया एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रणरणत्या उन्हात रिफायनरीचं माती परीक्षण अडवायला बसल्या होत्या. देवरूख मध्यावर आहे म्हणून आपण इथे जमलो. आणि ज्या गावात मावशी हळब्यांनी १९५४ साली मातृमंदिर उभं केलं, तिथे बायांच्या आरोग्याची गोष्ट करायला वेगळं निमित्त लागू नये.

थोडं मागे जाऊ. रत्नागिरीला तांबं वितळवण्याचा स्टरलाइटचा कारखाना यायचा होता. तांब्याच्या खनिजात गंधक असतं, ते भट्टीत जळलं की सल्फर डायऑक्साइड तयार होतो. त्याने घसा जळतो, डोळे चुरचुरतात, दमेकऱ्याचा जीव घाबरा होतो, पिकांची पानं करपतात. आंब्या-काजूवर जगणाऱ्या लोकांना एवढं पुरेसं होतं. मोठं आंदोलन झालं आणि जुलै १९९३ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी काम थांबवायला लावलं. तेव्हा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल सक्तीने करायला लावणारी अधिसूचना नव्हती, ती जानेवारी १९९४ मध्ये आली. जनसुनावणी त्यात १९९७ मध्ये घातली गेली. म्हणजे कंपनीने गावाला काही सांगावं असा नियमही नसताना लोकांनी आपणच माहिती मिळवली, आपणच समजून घेतली आणि नाही म्हटलं.

कारखाना तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तिथे मार्च २०१३ मध्ये लोक वायूने गुदमरले. प्रदूषणाबद्दल आणि संमतीपत्राचं नूतनीकरण न करता कारखाना चालवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २ एप्रिल २०१३ रोजी १०० कोटी रुपये भरायला लावले, कारखाना मात्र चालू राहू दिला. २२ मे २०१८ रोजी तिथल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला, १३ माणसं मेली. त्यानंतर कारखाना बंद झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बंदच ठेवला. या सगळ्या वर्षांत त्या उद्योगसमूहाचे शाश्वत विकासाचे गुळगुळीत कागदावरचे अहवाल निघतच होते. आपल्या एन्रॉनचंही तेच. वीज खरेदीचा करार लोकांपासून लपवलेला. जून १९९७ मध्ये वेलदूरच्या कोळी बायांना पहाटे घरात घुसून पोलिसांनी मारत बाहेर काढलं, त्याची नोंद अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने केली आहे. त्याच एन्रॉनने २००० साली सामाजिक जबाबदारीचा अहवाल काढला आणि डिसेंबर २००१ मध्ये दिवाळं काढलं, तेव्हा कळलं की त्यांचे पैशाचे हिशेबसुद्धा खोटे होते.

म्हणून अहवाल नकोतच, असं मी म्हणत नाही. अहवाल हवेत. पण ते कसे बनतात ते आपल्याला वाचता आलं पाहिजे.

आज काय स्थिती आहे? शेअर बाजारावर नजर ठेवणारी सेबी नावाची सरकारी संस्था आहे. तिने २०१२ मध्ये सगळ्यात मोठ्या १०० कंपन्यांना सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यायला लावला. २०२१ मध्ये त्याचं रूप बदलून 'व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल' आला, आणि २०२२-२३ या वर्षापासून बाजारात नोंदलेल्या पहिल्या १००० कंपन्यांना तो सक्तीचा आहे. त्यात हवेत सोडलेली धूळ, गंधकाचे आणि नायट्रोजनचे ऑक्साइड, यांचे आकडे द्यावे लागतात. बायांबद्दलही रकाने आहेत: नोकरीत किती, संचालक मंडळावर किती, लैंगिक छळाच्या तक्रारी किती. हे सगळं चांगलंच आहे. स्त्री-संघटनांनी यासाठी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला आहे.

पण सेबीचं काम गुंतवणूकदाराला सांभाळण्याचं. हा कागद त्याच्यासाठी लिहिलेला आहे. ज्याने पैसे घातले त्याला जाणून घ्यायचं असतं की उद्या दंड होऊन, कारखाना बंद पडून आपले पैसे बुडणार तर नाहीत. धुराखाली राहणारी बाई या व्यवहारात कुठेच नाही. आणि त्यामुळे कागदाचा आकारही तसाच होतो. हवेचे आकडे सगळ्या कंपनीचे मिळून दिले जातात. एका कंपनीचे दहा ठिकाणी कारखाने असतील तर दहांची बेरीज. आता बचत गटाच्या वहीचा विचार करा. वहीत फक्त 'गटाची एकूण बाकी अमुक' एवढंच लिहिलं, कुणी किती भरलं आणि कुणी किती थकवलं ते लिहिलंच नाही, तर तुम्ही सही कराल? नाही करणार. बेरीज खरी असते, पण तिच्यात आपलं गाव सापडत नाही. श्वास तर आपण एकाच ठिकाणचा घेतो.

दुसरी एक खुबी सांगते. काही आकडे 'विक्रीच्या दर रुपयामागे' असेही द्यायचे असतात. समजा एका कारखान्याने गेल्या वर्षी १० कोटींचा माल विकला आणि १०० किलो धूळ सोडली. कोटीमागे १० किलो. यंदा २० कोटींचा माल विकला आणि १५० किलो धूळ सोडली. कोटीमागे साडेसात. अहवालात लिहिता येतं की प्रदूषणाचं प्रमाण चतुर्थांशाने घटलं. दोरीवरच्या कपड्यांवर मात्र दीडपट काजळी. मालाचा भाव नुसता वाढला तरीही हे 'प्रमाण' घटतं, गंमत अशी.

आणि मोजणारा कोण? गुजरातमध्ये तिथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर काही अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीत कारखान्याची तपासणी करणारा लेखापरीक्षक कारखान्यानेच निवडलेला आणि त्यानेच पैसे दिलेला असतो. अशांचे आकडे बघितले तर मर्यादेच्या किंचित खाली गर्दी करून बसलेले. मग काही कारखान्यांसाठी पद्धत बदलली. परीक्षक चिठ्ठ्या टाकून ठरवला, पैसे वेगळ्या निधीतून दिले, आणि त्याने केलेल्या मोजणीची अधूनमधून फेरतपासणी केली. आकडे खरे येऊ लागले, आणि कारखान्यांचं प्रदूषणही कमी झालं. आपल्याकडे म्हणच आहे, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. फरक एवढाच की गुजरातेत पोळी दुसऱ्या ताटातून दिल्यावर टाळी थांबली.

आता दुसऱ्या प्रकारचा कागद बघू, जो शेजाऱ्यासाठी असतो. भोपाळला १९८४ साली वायू सुटला तेव्हा रात्री पळणाऱ्या लोकांना आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तो कोणता वायू आहे, हेच नीट माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या कारखान्यातून गळती झाली आणि १९८६ मध्ये तिथे कायदा झाला: कोणतं विष किती सोडलं ते कारखान्यागणिक जाहीर करायचं. मेले आपले लोक, आणि फळ आधी तिकडे धरलं. आपल्याकडेही १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्याने धोक्याची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आजूबाजूच्या जनतेला द्यायची. तो कायदा आता नव्या कामगार संहितेत गेला आहे, ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, पण हे बंधन तिथेही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितलं की घातक कचरा तयार करणाऱ्या कारखान्यांनी आत कोणती रसायनं आहेत, हवेत आणि पाण्यात काय जातं, याचा फलक मुख्य दरवाज्याबाहेर लावावा.

आजूबाजूच्या जनतेला, असे शब्द आहेत. १२ डिसेंबर २०२४ रोजी जयगडला कंपनीच्या आवारातून वायू पसरला आणि शाळेतल्या अनेक मुलांना रत्नागिरीच्या रुग्णालयात न्यावं लागलं. अशा वेळी आईचा पहिला प्रश्न काय असतो? पोराच्या छातीत काय गेलं? या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी शोधायचं नसतं. ते गावात, शाळेत, आरोग्य केंद्रात, मराठीत, आधीपासून भिंतीवर असायला हवं. इथे बसलेल्यांपैकी किती जणींनी कारखान्याच्या दारावरचा तो फलक वाचला आहे? (तीन हात वर.) आणि त्यात मराठी किती फलकांवर होतं? असू दे.

मराठीचा मुद्दा मी मुद्दाम काढते. आम्ही काही जणी एका कार्यालयात एक अहवाल बघायला गेलो होतो. तिथले गृहस्थ सभ्य होते, खुर्च्या दिल्या. म्हणाले, "ताई, तो इंग्रजीत आहे, तुम्हाला समजायचा नाही." सुनावणीच्या वेळी सारांश मराठीत देतात, मूळ जाडजूड अहवाल इंग्रजीत राहतो. २०२० मध्ये केंद्राने पर्यावरण मंजुरीच्या नियमांचा नवा मसुदा काढला, सुनावणीच्या सूचनेची मुदत ३० दिवसांवरून २० वर आणणारा. तोही आधी इंग्रजी आणि हिंदीतच होता. सर्व अनुसूचित भाषांत त्याचं भाषांतर करा, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

लोट्याबद्दल खेडच्या बाया माझ्यापेक्षा जास्त सांगतील. मी फक्त एका सरकारी कागदाकडे लक्ष वेधते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, त्यात लोट्यावर लिहिलं आहे. वसाहतीत ११,००० लोकांना काम मिळालं, आणि मच्छीमारांच्या म्हणण्याप्रमाणे दाभोळ खाडीतल्या प्रदूषणाने २०,००० लोकांचा धंदा बुडाला. त्या २०,००० मध्ये मासळी विकणाऱ्या बाया असतात. टोपली घेऊन दारोदार जाणारी बाई कुठल्याच हजेरीपटावर नसते, म्हणून तिचं काम गेल्याचं कुठल्याच अहवालात येत नाही. त्याच अहवालात असंही आहे की ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात १९१ दिवस जमावबंदीचा हुकूम होता. म्हणजे कंपनीने आपली माहिती द्यायची नाही, आणि लोकांनी आपली माहिती एकमेकांना सांगायला जमायचं नाही. बरं, हा अहवालसुद्धा सरकारने दाबून ठेवला. माहिती अधिकारात अर्ज झाला, केंद्रीय माहिती आयोगाने द्या म्हटलं, मंत्रालय उच्च न्यायालयात गेलं, तिथे हरलं, तेव्हा मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला.

माहिती जाहीर केल्याने काही होतं का, असं निराश होऊन विचारणाऱ्या मैत्रिणी आहेत. होतं, पण ती कुणाच्या नावाची आहे आणि वाचता येते का, यावर अवलंबून असतं. इंडोनेशिया आपल्यासारखाच देश. तिथे १९९५ मध्ये सरकारने कारखान्यांना रंग द्यायला सुरुवात केली: सोनेरी, हिरवा, निळा, लाल, काळा. कारखान्याचं नाव आणि त्याचा रंग. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही काळा रंग कळतो. खालचे रंग मिळालेले बरेच कारखाने सुधारले. आपल्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानेही ५ जून २०१७ रोजी अशीच योजना आणली, धुरांड्यातल्या धुळीच्या तपासणीवरून कारखान्यांना १ ते ५ तारे. कल्पना चांगली, पण तारे फक्त धुळीचे. रसायनाचा वास धुळीत मोजला जात नाही, आणि लोट्याच्या आसपासच्या बायांची तक्रार वासाची आहे.

आता आपल्या घराकडे. ही बाजू मांडली नाही तर कंपनीचे लोक ती मांडतातच. सुनावणीत ते म्हणतात, तुमच्या चुलीचा धूर, तुमची भाजावळ, तुमचे वणवे, त्याचं काय? चुलीचा धूर वाईटच आहे. बाईची फुप्फुसं त्यात सगळ्यात आधी जातात, आपण हे कधी नाकारलं नाही. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, शेगडी घरात आली, सिलिंडर परवडला नाही की बाई पुन्हा लाकडाकडे वळते. पण एकीच्या चुलीचा धूर दाखवून दुसऱ्याच्या धुरांड्याचा हिशेब चुकता होत नाही. ती चुलीपाशी बसते आणि बाहेर आली की धुरांड्याखाली उभी राहते, दोन्ही धूर एकाच छातीत जातात.

आणि संगमेश्वर तालुक्यातल्या बायांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. इथे चिरेखाणी आहेत, महामार्गाच्या कामाची आणि खडी फोडणाऱ्या क्रशरची धूळ आहे, काजू भाजायच्या भट्ट्या आहेत. काजूगराच्या कामात टरफलाच्या तेलाने बोटांची कातडी सोलते आणि भट्टीचा धूर नाकातोंडात जातो, ते काम बहुतेक बायाच करतात. यातलं काहीच पहिल्या १००० कंपन्यांत बसत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, चंद्रपूर, कोल्हापूर अशी शहरं आहेत, रत्नागिरी जिल्ह्यातलं एकही नाही. कोकणची हवा चांगली, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. मोजलीच नाही तर चांगलीच असणार.

तेव्हा कामाचं बोलू. गुंतवणूकदाराचा अहवाल एकदा चाळा जरूर, पण त्यात जीव अडकवू नका. तीन-चार कागद असे आहेत जे एकेका कारखान्याचे असतात आणि ते सरकारकडे आहेत. पहिला म्हणजे संमतीपत्र. १९८१ च्या हवा कायद्यात कलम ५१ आहे, कुणाला संमती दिली आणि कोणत्या मर्यादेची, याचं नोंदपुस्तक मंडळाने ठेवायचं आणि ज्याला त्याची झळ पोचते त्याला ते बघू द्यायचं. क्रशर छोटा असला तरी संमती त्यालाही लागते, हे लक्षात ठेवा. दुसरा, पर्यावरण विवरणपत्र, फॉर्म ५. संमती घेणाऱ्या कारखान्याने दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत तो मंडळाला द्यायचा असतो, १९९३ पासून. मी म्हणेन हाच सगळ्यात कामाचा, आणि हाच कुणी मागत नाही. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी मिळते तेव्हा अटी असतात, त्या पाळल्या का याचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला येतो, तो सार्वजनिक कागद आहे.

खाजगी कंपनीला माहिती अधिकार लागत नाही, असं तुम्हाला सांगतील. कंपनीकडे मागायचीच नाही. मंडळाकडे मागायची, मंडळाची कार्यालयं रत्नागिरीला आणि चिपळूणला आहेत. अर्ज मराठीत चालतो, शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही नाही, उत्तर ३० दिवसांत. धंद्याचं गुपित आहे म्हणून नाकारलं तर अपील करा, जनहित मोठं असेल तर ते गुपित उघडं करता येतं असं कायद्यातच आहे.

आणि सोबत आपली वही हवी. मंडळ धुरांड्याचं मोजतं, पण पहाटे तीनला वास कधी आला, कोणत्या दिवशी वाळवण काळं पडलं, वाडीत खोकल्याची किती पोरं दवाखान्यात गेली, हे बायांनाच माहीत असतं, कारण रात्री उठून पोराला वाफ तीच देते. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, काय झालं. एवढे चार रकाने. आशाताई आणि अंगणवाडीच्या सेविका बसल्या आहेत, त्यांच्यावर आधीच दहा वह्यांचं ओझं आहे, म्हणून ही अकरावी त्यांच्या गळ्यात घालू नका. ती महिला मंडळाने ठेवायची. सहा महिन्यांची वही आणि त्याच सहा महिन्यांचे कारखान्याचे आकडे शेजारी ठेवले, की अधिकाऱ्याशी बोलताना आपला आवाज आपोआप बदलतो.

जेवणानंतर आपण तालुक्यांप्रमाणे बसणार आहोत. अर्जाचे कोरे नमुने आणि दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटं पलीकडच्या टेबलावर ठेवली आहेत. खेड आणि गुहागरच्या बायांनी फॉर्म ५ मागायचा, रत्नागिरीच्या बायांनी सहामाही अहवाल, संगमेश्वरच्या बायांनी आपल्या हद्दीतल्या क्रशरची संमतीपत्रं. ज्यांना लिहायला त्रास होतो त्यांनी सांगायचं, कॉलेजच्या मुली लिहून घेतील. सही किंवा अंगठा मात्र ज्याचा त्याने.